बांधाखालची माती

एळ्ळ अमावास्येला शेतात पान मांडल्यावर भांडायचं नाही, असा नानांचा नियम होता. नाना जाऊन अकरा वर्षं झाली आणि तेवढ्या काळात नियम मोडायचीही एक पद्धत पडून गेली होती: आधी पोळी संपवायची, मग भांडायचं. यंदा वरदनं पोळी पानात पडायच्या आधीच खिशातून कागद काढला आणि सगळं तिथंच बिनसलं.

तोवर सगळं रीतसर चाललं होतं. कलघटगी रस्त्यावरच्या या तीन एकरांत बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाखाली मारुतीनं पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडले होते. मारुती नानांच्या वेळेपासून हे शेत कसत होता आणि पांडवांना दर वर्षी तेच पाच दगड लागतात, असा त्याचा आग्रह असे. पूजा झाली. नानांच्या वकील मुलानं, प्रभंजननं, कोर्टात युक्तिवाद करायच्या आवाजात ‘हुलुलिग्गोऽऽ’ अशी हाळी देत चारी दिशांना चरगाचा नैवेद्य उडवला आणि मागून मारुतीनं ‘चल्लंबरिग्गोऽऽ’ म्हणत कळशीतलं पाणी शिंपडलं. भूमी या दिवसांत पिकानं भरलेली, गरोदर असते. बाजरीची भाकरी, भरली वांगी, अंबाडीची भाजी, शेंगांची पोळी असं सगळं कालवून आधी तिला भरवायचं, उरलेलं आपण खायचं. तिचं डोहाळजेवणच ते.

यंदा या डोहाळजेवणाला खरीखुरी गरोदरही हजर होती. प्रभंजनची लेक दीपश्री, सातवा महिना, ताडपत्रीच्या कडेला पाठीशी दोन उशा घेऊन बसली होती. तिची आई सुलभा दर दोन मिनिटांनी तिच्या पानात काहीतरी टाकत होती. भूमीच्या पुढं एक घास तरी लेकीनं जास्त खावा, अशी काहीतरी ईर्ष्या होती त्यात.

अंबूताई वाढत होती. प्रभंजनची ही धाकटी बहीण, बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. या घरात जी कामं कुणाचीच नसतात ती सगळी तिची असत.

“अप्पा, मातीचा रिपोर्ट आलाय,” वरद म्हणाला. तो दीपश्रीचा धाकटा भाऊ. शेतकी शिकून आल्यापासून इथल्या शेंगांना सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र मिळवून द्यायचं त्यानं मनावर घेतलं होतं.

“पास झालो ना?” प्रभंजननं विचारलं. त्यांच्या घरात आजवर कुणी नापास झालेलं नव्हतं. माती कशी होईल?

“शिसं निघालंय.”

“किती?”

“वरच्या शेतात सदतीस. तेवढं चालतं, मातीत असतंच थोडं. भाजीच्या मळ्यात नव्वद. बांधाखाली चौदाशे साठ.”

“कितीपैकी?” सुलभानं विचारलं.

“आई, हे मार्क नाहीत. एवढं नसायलाच पाहिजे.”

अंबूताईच्या हातात अंबाडीच्या भाजीचा डाव होता. तो मारुतीच्या पानावर होता तिथंच राहिला. बांधाखाली, असं तिनं मनात म्हटलं. परत म्हटलं. शाळेत एखाद्या पोरानं चुकीच्या ठिकाणी नदी काढली की ती असंच दोनदा बघायची, न जाणो नदीनंच जागा बदलली असेल.

प्रभंजननं पान सारलं, चष्मा चढवला आणि उलटतपासणी सुरू केली.

“नमुना कुणी घेतला?”

“मी.”

“साक्षीदार?”

“अप्पा, माती आहे ती.”

“पिशवी सील केली होतीस?”

“रबर लावलं होतं.”

“ऐकलंस का मारुती? रबर.”

“हौद्री,” मारुती म्हणाला, म्हणजे कानडीत ‘होय जी’. गेली तीस वर्षं शेतात चालणारे सगळे खटले तो याच एका शब्दात निकालात काढत आला होता.

“त्यांनी दोनदा तपासलंय,” वरद म्हणाला. “मग फोन करून विचारलं मला, हे नक्की शेतच आहे ना, का गॅरेज आहे म्हणून.”

यावर कुणी हसलं नाही, कारण सगळ्यांना एकाच वेळी शेड आठवली. बांधाला लागून, नाल्याच्या बाजूला ती पडकी शेड अजून उभी होती. सहा वर्षांपूर्वी प्रभंजननं ती हुबळीच्या एका बॅटरीवाल्याला वापरायला दिली. तो इन्व्हर्टर दुरुस्त करतो, असा घरात समज होता. प्रत्यक्षात तो जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं भट्टीत वितळवत असे. एवढ्यावर भागलं असतं तर शेड आणि नाला नासला असता. पण तो भट्टीची राख नाल्यात फेकतो हे प्रभंजननं एकदा पाहिलं. नानांच्या घरातली चिमूटभर राख कधी वाया गेलेली नव्हती. ती भांड्यांना लागे, वांग्यांवर पडे, बियाण्यात मिसळे. प्रभंजननं त्या माणसाला नाल्याच्या पावित्र्यावर अर्धा तास सुनावलं आणि राख नाल्याऐवजी आपल्या बांधाखाली पसरायला लावली. राख म्हणजे खत. दोन वर्षं तो इमानानं पसरत राहिला. जाताना प्रभंजनच्या पाया पडून गेला. राख टाकायला स्वतःहून शेत देणारा मालक त्याला जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

“आत्ता खाल्लं ते वांगं कुठलं?” सुलभानं हळूच विचारलं.

“मळ्यातलं की, वहिनी,” मारुती म्हणाला.

सगळ्यांनी आपापल्या पानाकडं पाहिलं. पानात देठंच उरली होती.

“वांग्याचं एवढं नाही,” वरद म्हणाला. “फळात कमी चढतं. पाल्यात त्याहून जास्त, मुळ्या-गाजरात आणखी जास्त. सगळ्यात वाईट म्हणजे मातीच सरळ पोटात जाणं. पण ती भीती रांगणाऱ्या पोरांची. आपल्यात कोण खातंय माती?”

दीपश्रीनं तोंडाला लावलेलं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ताडपत्रीच्या त्या टोकावरून तिनं या टोकाला अंबूताईकडं पाहिलं आणि मान हलवली. एवढीशी. माशी उडवावी तशी. बोलू नकोस.

चौथा महिना लागला तेव्हा तिचा फोन आला होता. हुबळीच्या दाजीबानपेठेत सासरचं कापडाचं दुकान खाली, घर वर. ती न्हाणीघराचं दार लावून कुजबुजत होती. “आत्या, मला मातीचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. काल कुंडीतलं ढेकूळ उचलून तोंडात टाकलं. हसू नकोस हं.” अंबूताई हसली नव्हती. उलट तिला आतून बरं वाटलं होतं. या घरातल्या प्रत्येक गरोदर बाईला हेच डोहाळे लागत आणि प्रत्येकीला बांधाखालची चिकणमाती मिळे. पिवळसर, लोण्यासारखी, एक खडा नसलेली. आई ती तव्यावर खमंग भाजायची, वस्त्रगाळ करायची, बोटाएवढ्या वड्या थापून उन्हात वाळवायची. सुलभानंही वरदच्या वेळी खाल्ल्या होत्या. आईच्या हातची पुरणपोळी अंबूताईला कधी जमली नाही, पण मातीच्या वड्या जमल्या. लग्न केलं नसल्यानं स्वतःसाठी त्या कधी लागल्या नव्हत्या. तिनं वड्या केल्या, बिस्किटांच्या डब्यात भरल्या आणि हुबळीला पोचवल्या. एकदा नव्हे, चार वेळा. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या देताना ‘माती-बिती खात नाही ना?’ असं दीपश्रीला स्पष्ट विचारलं होतं. नाही म्हणून सांगायचं, हे तिला अंबूताईनंच शिकवलं होतं.

तिनं डाव पातेल्यात ठेवला. मग पातेलंही खाली ठेवलं.

“वरद,” ती म्हणाली, “भाजल्यावर जातं का रे ते?”

“काय भाजल्यावर?”

“काहीही. वांगं.”

“शिसं भाजून जात नाही, आत्या. बॅटरीवाला दोन वर्षं तेच तर करत होता, भाजत होता.”

“गाळून घेतलं तर?”

“वांगं?”

“बरं, राहू दे.”

“ते कुजत नाही, जळत नाही, पावसात फारसं वाहूनही जात नाही,” वरद म्हणाला. त्याला आता विषय सापडला होता. “बांधाखालची फूटभर माती उचलून धोकादायक कचरा घेणाऱ्यांच्या ताब्यात द्यायला लागेल. ती कुठंही फेकून चालणार नाही, नाहीतर आपणही बॅटरीवालेच. उरलेल्या जागेत चुना आणि भरपूर शेणखत. म्हणजे शिसं मातीलाच धरून बसतं, पिकात कमी चढतं. पालेभाजी बंद, कंद बंद. मळ्यात चार-पाच वर्षं फुलं लावू, कापूस लावू. दर वर्षी माती तपासू.”

“नानांच्या शेतात फुलं?” प्रभंजन उठलाच. “एका रबर लावलेल्या पिशवीवरून? अंबू, तू भूगोल शिकवलायस. सांग याला, काळी माती, तांबडी माती, जांभी माती. शिशाची माती असा प्रकार आहे का पुस्तकात?”

एरवी अशा वेळी अंबूताई अण्णाच्या, म्हणजे प्रभंजनच्या, बाजूनं असे. वरदच्या बाजूला सुलभा आणि मध्ये दीपश्री, ही घरातली जुनी वाटणी होती. सगळ्यांनी तिच्याकडं पाहिलं.

“पुस्तकात नाही,” ती म्हणाली. आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी आल्यासारखा आला.

“झालं!” असं म्हणून प्रभंजन तरातरा मळ्यात गेला, एक वांगं तोडलं, धोतराला पुसलं आणि बांधावर उभा राहून सगळ्यांच्या देखत कच्चंच खाऊ लागला. मंत्रिमंडळातली माणसं साथीच्या दिवसांत कोंबडी खाऊन दाखवतात, तसं. फरक एवढाच की त्याला वांगं आवडत नसे. तीस वर्षांत त्यानं सुलभाच्या हातचं भरलं वांगं एकदाही पुरं संपवलं नव्हतं.

“कच्चं!” सुलभा म्हणाली. “घरी मी मसाला भरून दिलं तर बाजूला सारतात.”

“हे बघा,” बांधावरून आवाज आला. “काही होतंय मला? मारुती, होतंय काही?”

“हौद्री,” मारुती सवयीनं म्हणाला आणि मग दचकून “इल्री, इल्री,” म्हणजे नाही, नाही, असंही म्हणाला.

“अप्पा, ते असं लगेच होत नसतं,” वरद ओरडला. “ते हाडांत जाऊन बसतं. वर्षानुवर्षं बसतं. मोठ्या माणसाचं एक वेळ निभावतं. पण गरोदर बाईच्या रक्तातून ते बाळाकडं जातं. म्हणून तर म्हणतोय, दीपाला महिन्याला जी भाजी पाठवतो ना, ती आजपासून बंद. दोन वांग्यांनी काही झालं नसणार, पण…”

दीपश्रीचा हात पोटावर गेला होता. ती अजून मान हलवत होती, पण आता ते अंबूताईसाठी नव्हतं. ती कुणाकडं बघतच नव्हती.

बोललं तर दीपश्री आपल्याशी जन्मभर बोलणार नाही. सासरी कळेल, डॉक्टरीणबाईंना कळेल, या घरात आपण काय केलं ते पुढच्या पिढ्यांतही सांगितलं जाईल. नाही बोललं तर आज संध्याकाळी ती दाजीबानपेठेत जाईल आणि उशाशी ठेवलेल्या डब्यातली वडी तोंडात टाकेल. डब्यात अजून अकरा वड्या असाव्यात.

“अण्णा,” ती म्हणाली. बांधापर्यंत ऐकू जावं म्हणून वर्गात लावायचा आवाज लावला, त्यामुळं ते उगाच सगळ्या शेताला ऐकू गेलं. “दीपा ती माती खाते. बांधाखालची. मी भाजून देते. चौथ्या महिन्यापासून.”

प्रभंजनच्या तोंडात वांग्याचा घास होता. थुंकावा तर हार मानल्यासारखं होतं आणि गिळावा तर गिळवत नव्हता. तो तसाच गाल फुगवून उभा राहिला. मग त्यानं तो गिळला. पाच मिनिटांपूर्वीपर्यंत खोटं, बेकायदा आणि रबर लावलेलं शिसं त्याच्या चेहऱ्यावर एका क्षणात खरं झालं.

“कुठली?” तो म्हणाला. “बांधाखालची म्हणजे नक्की कुठली?”

“शेडजवळची. तिथंच चांगली मिळते.”

“किती खाल्लीस, दीपा?”

“रोज दोन वड्या,” दीपश्री म्हणाली. “कधी तीन.” मग ती अंबूताईकडं वळली आणि तिचा आवाज फाटला. “आत्या, तू शपथ घेतली होतीस!”

“हो.”

“माझी घेतली होतीस!”

“हो गं.”

सुलभा हातातली पोळी घेऊन उभी होती. ती तिनं कुणाच्याच पानात वाढली नाही. “वन्सं,” ती म्हणाली, “मला विचारायचं तरी होतंत.” अंबूताईला ती तीस वर्षं अंबूताईच म्हणत आली होती. वन्सं म्हणायची ती फक्त लग्नाच्या पहिल्या वर्षी, एकमेकींची भीती वाटायची तेव्हा.

“बाळाला काय होतं, वरद?” दीपश्रीनं विचारलं.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर असलेला वरद कागदाची घडी घालत बसला. घडीची घडी घातली, परत घातली.

“मी विचारतेय.”

“आधी रक्त बघू.”

“म्हणजे होतं.”

“दीपा, रक्त बघू. हुबळीत लॅमिंग्टन रोडला रक्त घेणारे आहेत, पाचपर्यंत असतात. तिथून नमुना बाहेर पाठवतात, दोन-तीन दिवस लागतात. तोवर काही कळत नाही. तुझ्या डॉक्टरीणबाईंना मी आत्ता फोन लावतो.”

“दोन-तीन दिवस,” दीपश्री म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्या पोटाकडं पाहिलं. आत कुणीतरी बसून हे सगळं ऐकतंय आणि अजून काहीच बोललेलं नाही, असं वाटत होतं. सुलभानं पदरानं लेकीचं तोंड पुसलं. पुसण्यासारखं काही नव्हतं तरी पुसलं.

इकडं प्रभंजननं धोतराचा काचा मारला होता. त्यानं बन्नीला टेकवलेली मारुतीची कुदळ ओढून घेतली, शेडजवळ गेला आणि खणायला लागला. पहिला घाव, दुसरा घाव. “फूटभर ना? फूटभर काय, पुरुषभर काढतो! आत्ताच्या आत्ता काढतो!” बासष्ट वर्षांचा वकील, सहा वर्षांपूर्वी स्वतः पसरायला लावलेली राख स्वतःच्या हातानं परत मागत होता. मार्गशीर्षातली कोरडी ठणठणीत माती. घावासरशी धुरळा उठला, पिवळसर, पिठासारखा, वाऱ्यावर बसला आणि शांतपणे ताडपत्रीच्या दिशेनं निघाला.

“अप्पा! धूळ!” वरद असा किंचाळला की नाल्यातले बगळे उडाले. “थांबा! श्वासातून जातं! दीपा इथंच आहे!”

सुलभानं पदर लेकीच्या डोक्यावरून ओढला आणि तिला कवेत घेतलं. वरदनं नाक दाबलं. अंबूताईनं दाबलं. मारुतीनं, सगळ्यांनी दाबलंय म्हणून, दाबलं. सणाच्या दिवशी, भर दुपारी, एक अख्खं कुटुंब आपल्याच शेतात श्वास रोखून उभं होतं. धुरळा त्यांच्या अंगावरून गेला. शेंगांच्या पोळ्यांवर थोडा बसला. हरभऱ्यावर बसला. अंबूताईनं आकडे मोजले, सत्तावीसपर्यंत पोचली, आणि मग छाती फुटेल असं वाटलं तेव्हा पदरातून श्वास घेतला.

प्रभंजन मात्र तिसऱ्या घावासाठी कुदळ डोक्यावर उचलली होती तसाच थिजला होता. खाली आणली तर धूळ. टाकली तर धूळ. पाय उचलला तरी धूळ. “वरद,” तो अगदी हळू आवाजात म्हणाला, “मी आता काय करू?” अंबूताईनं आयुष्यात पहिल्यांदाच अण्णाला कुणालातरी हा प्रश्न विचारताना ऐकलं. तिला शिशाइतकीच त्याची भीती वाटली.

वाट मारुतीला सापडली. चरगाच्या कळशीत पाणी उरलं होतं. ती घेऊन तो एकेक पाऊल टाकत गेला आणि प्रभंजनच्या पायांभोवती शिंपडू लागला. शिंपडताना सवयीनं तोंडातून ‘चल्लंबरिग्गोऽऽ’ निघालं, तेही त्यानं पूर्ण केलं. माती ओली झाली. प्रभंजननं झोपलेलं मूल खाली ठेवावं तशी कुदळ खाली ठेवली.

“सगळं ओलं करून झाकून ठेवू,” वरद म्हणाला. “उचलायची ती माणसं येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही.”

झाकायला ताडपत्री एकच होती, जेवायला अंथरलेली. पानं गोळा झाली. दीपश्रीला सुलभा वाऱ्याच्या वरच्या अंगाला, गाडीत नेऊन बसवून आली. विहिरीचं पाणी आणून जागा भिजवली. अंबूताई आणि मारुतीनं ताडपत्री दोन टोकांना धरून बांधाखाली पसरली, कडा चिखलात दाबल्या. वारा ती उचलू लागला तेव्हा वजन हवं झालं. मारुती बन्नीखाली जाऊन धर्मराजाला आणि त्याच्या चारही भावांना घेऊन आला.

“देव आहेत ते,” प्रभंजन पुटपुटला.

“शेत राखायचंच काम की त्यांचं, अण्णा,” मारुती म्हणाला आणि चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये भीम ठेवला. मग हात झटकत, ताडपत्रीकडं बघत, पीकपाण्याचं बोलावं तसं म्हणाला, “आमच्या घरी तर रोजच इथलं असतंय. मेथी. मुळा.”

“मुळा,” वरद म्हणाला.

मघापासून कागदावर बोट फिरवताना या घरातल्या कुणीही मारुतीच्या चुलीपर्यंत बोट नेलं नव्हतं. अंबूताईच्या हे लक्षात आलं.

“उद्या तुझ्या घरच्यांनी हुबळीला यायचं,” ती म्हणाली. “रक्त द्यायला. मी येते बरोबर.”

“नऊ जण आहेत, अक्का.”

“नऊच्या नऊ.”

“बर्री, या की,” मारुती म्हणाला. आज पहिल्यांदाच त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि ते तिला सोसलं नाही.

वरदनं सगळ्यांना विहिरीवर साबणानं हात धुवायला लावले, पाय धुवायला लावले, चपला पिशवीत बांधून डिकीत टाकायला लावल्या. अनवाणी वकील पुढच्या सीटवर बसला. वरदनं गाडी काढली. मागं एका खिडकीशी सुलभा, दुसऱ्या खिडकीशी अंबूताई, मध्ये दीपश्री. तिचं पोट तिघींच्या मध्ये, चौथं माणूस बसावं तसं.

खूप वेळानं प्रभंजन काचेकडं बघत म्हणाला, “त्याला नाल्यात टाकू दिली असती तर…”

“तर नाला, अप्पा,” वरद म्हणाला. “आणि नाल्याखालच्या गावाची पोरं.”

प्रभंजननं मान डोलावली. त्याच्या ओठाच्या कडेला वांग्याची एक बी चिकटली होती आणि ती त्याला सांगायचं धाडस सुलभानंही केलं नाही.

“हललं,” दीपश्री एकदम म्हणाली.

सुलभाचा हात झपाट्यानं पोटावर गेला. वरदनं आरशात बघितलं, गाडी थोडी हेलकावली. “हललं? कसं हललं? नेहमीसारखं?” सुलभानं विचारलं. नेहमीसारखंच, दीपश्री म्हणाली. पण नेहमीसारखं म्हणजे काय, हे आता कुणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. तिनं अंबूताईकडं पाहिलं. राग होता, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी जास्त होतं. तिनं अंबूताईचं मनगट धरलं आणि हात पोटाकडं ओढला. “तूही बघ, आत्या. मला एकटीला कळत नाहीये.”

अंबूताईचा हात अर्ध्या वाटेत अडला. नखं. साबणानं दोनदा धुतले होते हात, तरी दहाही नखांत ती पिवळसर रेघ होती, ताडपत्री दाबताना भरलेली. तिनं हात आखडून घेतला. “नको. माती आहे हाताला.”

“माहीत आहे,” दीपश्री म्हणाली.

तिनं मनगट सोडलं नव्हतं. ती त्या नखांकडं बघत होती आणि तिचं नाक हळूच फुललं. चार महिन्यांत अंबूताईनं हा चेहरा फोनवर नुसता ऐकला होता, आज प्रथम बघत होती.

“आत्या,” ती इतक्या हळू म्हणाली की पलीकडं आईला ऐकू जाऊ नये, “मला आत्ता पण खावीशी वाटतेय.”

तिचे डोळे भीतीनं भरून आले होते. तरी तिनं आवंढा गिळला, तोंडाला सुटलेल्या पाण्याचा.

अंबूताईनं आपलं मनगट सोडवून घेतलं. दोन्ही हात मांडीखाली घातले, तळवे सीटवर दाबले, आणि हुबळी येईपर्यंत ती त्यांच्यावर बसून राहिली.